बदली

सकाळी पावणेआठला दादर स्टेशनच्या पुलावर उभं राहिलं, की ऑफिसच्या गर्दीतून एक वेगळा घोळका उतरताना दिसतो. या बायकांच्या हातात कापडी पिशवी असते. पिशवीत डबा, घरात घालायचा गाऊन, मोबाइलचा चार्जर. कुणी दिव्याहून आलेली असते, कुणी टिटवाळ्याहून, कुणी नालासोपाऱ्याहून. दादरला पश्चिम आणि मध्य, दोन्ही रेल्वे भेटतात, त्यामुळे दोन्हीकडच्या बायका इथे पोहोचतात आणि पुलाच्या दोन्ही बाजूंना पांगतात. आठच्या ठोक्याला हिंदू कॉलनीत, शिवाजी पार्कात, गोखले रोडच्या आतल्या गल्ल्यांत दारांवरच्या बेल वाजू लागतात. रात्रपाळीची बाई बाहेर पडते, दिवसपाळीची आत येते. चपला घालता घालता दोन वाक्यं होतात. ‘रात्री दोनदा उठल्या. पोट साफ नाही.’ या दोन वाक्यांवर पुढचे बारा तास निभवायचे असतात.

अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या माणसांची आपल्याकडची व्यवस्था बरीचशी अशी आहे. तिला कसली पाटी नाही, इमारत नाही. एक ब्युरो, एक फोन नंबर, आणि ‘मावशी’ नावाने हाक मारली जाणारी एक बाई. ब्युरोला फोन करून ‘आज तुमची बाई आली नाही’ म्हटलं, की पलीकडून ठरलेलं उत्तर येतं, ‘बदली पाठवतो.’ हे प्रकरण त्या एका शब्दाबद्दल आहे.

माझ्या आईला २०१७ च्या जुलैत पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा ब्युरोने कळव्याहून एक मावशी पाठवली. ती चौदा महिने राहिली. पहिल्या महिन्यात ती जे करत होती ते मला काम वाटत होतं: पुसून घेणं, कूस बदलणं, भरवणं, डायपर, औषधं. हळूहळू लक्षात आलं, की ती काहीतरी साठवतेही आहे. एके दिवशी संध्याकाळी ती म्हणाली, ‘ताई, आज आजींनी माझा हात ढकलला नाही.’ मला त्यात काही कळेना. आईला तोंड पुसलेलं आवडायचं नाही, ती रोज डाव्या हाताने मावशीचा हात बाजूला सारायची. त्या दिवशी तिने ते केलं नव्हतं. ताप नव्हता, खाणं ठीक होतं. मावशी अडून बसली म्हणून आम्ही लघवी तपासायला दिली. संसर्ग निघाला. ताप त्यानंतर दोन दिवसांनी आला, पण तोपर्यंत औषध सुरू झालं होतं.

२०१८ च्या गणपतीत ती गावी गेली आणि ब्युरोने तिला परत आमच्याकडे पाठवलं नाही. एका घरात बाई फार दिवस ठेवायची नाही, नाहीतर घरचे आणि ती परस्पर ठरवून मोकळे होतात, असा त्या ब्युरोचा हिशेब होता. पुढच्या तीन महिन्यांत आमच्याकडे सात जणी आल्या. त्यांतली एकही वाईट नव्हती, हे मला आवर्जून सांगायचं आहे. दोघी तर अतिशय मायाळू होत्या. तरी नोव्हेंबरात आईच्या माकडहाडाजवळ रुपयाएवढा लाल डाग दिसला आणि आठवड्याभरात तिथली कातडी गेली. प्रत्येकीला वाटलं होतं, तो आधीपासूनच असेल.

*

आपल्याकडे ‘नर्सिंग होम’ म्हटलं, की पहिल्या मजल्यावरचं दहा-पंधरा खाटांचं खासगी रुग्णालय डोळ्यांसमोर येतं. बाळंतपणं, हर्निया, मूळव्याध. दादरमध्ये अशा पाट्या पावलोपावली आहेत आणि त्या १९४९ च्या मुंबई नर्सिंग होम नोंदणी कायद्याखाली येतात. आता त्याच्या नावात महाराष्ट्र आहे. अमेरिकेत मात्र याच शब्दाचा अर्थ निराळा आहे. ज्यांना स्वतःचं स्वतः करता येत नाही अशी, बहुतेक वयस्कर, माणसं जिथे महिनोन्‌महिने, वर्षानुवर्षं राहतात ती जागा. म्हणजे आपल्या कळव्याच्या मावशीचं जे काम, तेच काम तिथे एका छताखाली शंभर जणांसाठी होतं. एका छताखाली होतं म्हणून त्याची नोंद राहते, आणि नोंद राहते म्हणून अभ्यास होतो. आपल्या घराघरांतलं हे काम कुणी मोजलेलं नाही. त्यामुळे आधी तिकडचं बघू.

केनेथ बुकवार या वृद्धरोगतज्ज्ञाने सहकाऱ्यांसह २००० साली एक छोटा अभ्यास प्रसिद्ध केला. नर्सिंग होममधल्या मदतनीस बायकांना, म्हणजे पदवी-पदविका नसलेल्या, अंघोळी घालणाऱ्या, भरवणाऱ्या बायकांना, माणसाच्या वागण्यातला बदल टिपून ठेवायला सांगितलं होतं. नंतर त्या नोंदी केसपेपरशी ताडून पाहिल्या. मदतनिसांच्या नोंदींत आजाराची चाहूल केसपेपरच्या सरासरी पाच दिवस आधी लागलेली होती. ऐंशी-पंच्याऐंशीच्या वयात पाच दिवस म्हणजे घरी गोळी घेऊन बरं होणं आणि आयसीयूत जाणं यांच्यातलं अंतर असू शकतं. हे वाचलं तेव्हा मला आमच्या मावशीचं ‘हात ढकलला नाही’ आठवलं. ते वाक्य कुठल्याही तपासणीच्या आधीचं निदान होतं. ते करायला लागलेलं साहित्य एकच होतं: कालचा, परवाचा आणि त्याच्या आधीचे चारशे दिवस.

बदल दिसायला आधीचं माहीत असावं लागतं. पहिल्याच दिवशी आलेल्या बाईला आई जशी दिसेल तशीच आई नेहमी असते, असं ती धरून चालणार. निपचित पडलेली आई तिला शांत वाटेल. म्हणून बदली आलेली बाई कितीही शिकलेली असो, पहिले काही दिवस ती आंधळी असते. आणि ती दिसू लागण्याच्या आत पुढची बदली आली, तर त्या घरात कायमच कुणीतरी नवखं असतं.

निकोलस कॅसल आणि जॉन एंगबर्ग यांनी २००५ मध्ये अमेरिकेतल्या काही राज्यांतल्या नर्सिंग होमवर याच अंगाने काम केलं. माणसांना खाटेला बांधून ठेवण्याचं प्रमाण, लघवीची नळी घालून ठेवण्याचं प्रमाण, आखडलेले सांधे, शय्याव्रण, मनावर परिणाम करणारी औषधं असे निर्देशक त्यांनी घेतले आणि ते कर्मचाऱ्यांच्या गळतीशी लावून पाहिले. गळती वाढते तसा दर्जा ढासळताना दिसला. ही यादी नीट वाचली तर एक गोष्ट उमगते. बांधून ठेवणं, नळी घालणं, झोपेची गोळी देणं ही तिन्ही अनोळखी माणसाची साधनं आहेत. आजोबा रात्री दोनला का उठतात हे ज्याला ठाऊक आहे, तो त्यांना बाथरूमकडे नेतो. ज्याला ठाऊक नाही, त्याला ते ‘त्रास देणारे’ वाटतात.

ही गळती किती असते? अश्विन गांधी, हुइझी यू आणि डेव्हिड ग्रॅबोवस्की यांनी २०२१ मध्ये अमेरिकेतल्या साडेपंधरा हजारांहून अधिक नर्सिंग होमच्या पगारपत्रकांवरून २०१७-१८ चा हिशेब मांडला. नर्सिंगच्या कर्मचाऱ्यांची सरासरी वार्षिक गळती निघाली सुमारे १२८ टक्के. शंभरावर टक्के कसे, असा प्रश्न पडेल. शंभर जागा असतील तर वर्षभरात एकशे अठ्ठावीस जणी सोडून गेल्या, असा त्याचा अर्थ. एकाच जागेवर वर्षात दोन-तीन जणी येऊन गेल्या, काही जागांवर कुणीच हललं नाही. सरासरी काही फार वाईट ठिकाणांनी वर ओढली होती, पण मधला आकडाही ९४ होता. म्हणजे निम्म्या ठिकाणी गळती त्याहून जास्त. ज्या ठिकाणांना सरकारी दर्जापद्धतीत जास्त तारे, तिथे गळती कमी, हेही त्यांना दिसलं.

इथे थांबून एक शंका घ्यायलाच हवी. माणसं सोडून जातात म्हणून जागा वाईट होते, की जागा वाईट असते म्हणून माणसं सोडून जातात? चाळीस म्हाताऱ्यांमागे दोघी असतील, मालक पगार थकवत असेल, तर शहाणी बाई तिथे राहणारच नाही, आणि तिथल्या म्हाताऱ्यांचे हालही त्याच कारणाने होतील. गळती हे मग कारण नसून लक्षण ठरेल. संशोधक हा पेच पूर्ण सोडवू शकलेले नाहीत, आणि सोडवायचा तर प्रयोगासाठी काही म्हाताऱ्यांकडच्या मदतनीस मुद्दाम बदलाव्या लागतील, जे कुणी करणार नाही. माझं मत असं, की दोन्ही खरं आहे आणि दोन्ही एकमेकांना खेचतात. एक जण गेली की उरलेल्या तिघींवर भार येतो, त्यातली आणखी एक जाते. आमच्या घरी मात्र घर तेच होतं, गादी तीच, औषधं तीच, पैसेही तेवढेच. बदलली होती ती फक्त बाई. एका घरावरून सिद्धांत बांधता येत नाही हे मला कळतं. पण ती जखम मी रोज दोन वेळा धुतलेली आहे.

*

शय्याव्रणाचं शास्त्र फार जुनं नाही. पूर्वी पाठीला स्पिरिट चोळणं, पावडर लावणं, मलम फासणं यावर भर असे. १९६२ मध्ये इंग्लंडमध्ये डोरीन नॉर्टन या नर्सने सहकाऱ्यांबरोबर म्हाताऱ्या रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला आणि दाखवलं, की मलमांनी फरक पडत नाही, दाब हलवण्याने पडतो. दर दोन-तीन तासांनी कूस बदला. एवढं साधं. आज कुठल्याही जीडीएच्या, म्हणजे जनरल ड्यूटी असिस्टंटच्या, कोर्समध्ये हे पहिल्या आठवड्यात शिकवतात आणि आमच्याकडे आलेल्या सातही जणींना ते पाठ होतं.

मग जखम का झाली? कारण ‘दर दोन तासांनी कूस बदला’ हा नियम आहे, आणि अंग हे अंग असतं. आई डाव्या कुशीवर फार वेळ राहू शकत नसे, तिला धाप लागायची. मग ती स्वतःच खांद्याने रेटा देत देत पुन्हा पाठीवर यायची. कळव्याच्या मावशीने यावर एक युक्ती काढली होती. जुन्या लुगड्याची घट्ट गुंडाळी करून ती पाठीमागे अर्ध्या तिरक्या कोनात लावायची, म्हणजे आई ना कुशीवर, ना पाठीवर. ही युक्ती कुठल्या पुस्तकात नव्हती. ती तिच्या हातात होती आणि हात कळव्याला गेले होते. नव्या बाया नियमाप्रमाणे आईला डाव्या कुशीवर करत, दहा मिनिटांनी आई पाठीवर, आणि पुढे पावणेदोन तास सगळा भार माकडहाडावर.

भरवण्याचंही तसंच. गिळण्याचे स्नायू दुबळे झालेल्या माणसाला वाटीभर मऊ भात भरवायला अर्धा-पाऊण तास लागतो. घास कुठल्या गालात ठेवायचा, गिळला हे कशावरून ओळखायचं, कधी थांबायचं. घाई झाली की ठसका लागतो, अन्नाचा कण श्वासनलिकेत जातो आणि न्यूमोनिया होतो. नवखी बाई घाबरते, कमी भरवते. वजन उतरतं. नाकातल्या नळीची गोष्ट निघते ती अनेकदा इथून.

आणि स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाचं तर विचारूच नका. ज्याला आपलं घर ओळखू येत नाही, त्याला दर पंधरवड्याला एक अनोळखी बाई कपडे काढायला सांगते. तो ओरडेल, मारेल, नाहीतर काय करेल? आपण त्याला ‘चिडचिडे झालेत’ म्हणतो.

*

आता दादरच्या शेजारी, परळला जाऊ. केईएम रुग्णालय १९२६ पासून तिथे उभं आहे. तिथे परिचारिका असलेल्या अरुणा शानबाग यांच्यावर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी रुग्णालयाच्याच तळघरात एका सफाई कर्मचाऱ्याने अत्याचार केला, गळ्याभोवती कुत्र्याची साखळी आवळली. मेंदूला रक्तपुरवठा तुटला. त्या वाचल्या, पण पुन्हा उठल्या नाहीत. १८ मे २०१५ ला न्यूमोनियाने त्यांचं निधन झालं. मधली जवळपास बेचाळीस वर्षं त्या केईएमच्याच वॉर्ड क्रमांक ४ ला लागून असलेल्या खोलीत होत्या आणि त्यांची शुश्रूषा केईएमच्या परिचारिका करत होत्या.

या घटनेची चर्चा झाली ती दयामरणाच्या प्रश्नावर. पत्रकार पिंकी विराणी यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ७ मार्च २०११ ला निकाल दिला. काही अटींवर निष्क्रिय दयामरणाचा मार्ग त्या निकालाने खुला केला, पण अरुणा शानबाग यांच्या बाबतीत परवानगी नाकारली. त्यांच्या वतीने बोलण्याचा अधिकार न्यायालयाने केईएमच्या कर्मचाऱ्यांचा मानला. कायद्याची ती बाजू फार महत्त्वाची आहे आणि तिच्यावर भरपूर लिहिलं गेलं आहे. मला त्या निकालातल्या दुसऱ्याच तपशिलापाशी थांबायचं आहे. सदतीस वर्षं अंथरुणाला खिळलेल्या या बाईंना एकही शय्याव्रण झालेलं नव्हतं.

ज्यांनी घरात कुणाला सहा महिने अंथरुणावर सांभाळलं आहे, त्यांना या वाक्याचं वजन कळेल. पालिकेचं रुग्णालय. वॉर्डात खाटांइतकीच माणसं जमिनीवर. परिचारिका कायम कमी. एअर बेडसारखी साधनं पहिली कित्येक वर्षं कुणाच्या कल्पनेतही नसतील. आणि शय्याव्रण शून्य.

हे कशाने झालं? एकच परिचारिका सदतीस वर्षं तिथे नव्हती. पालिकेच्या रुग्णालयात वॉर्ड बदलतात, पाळ्या बदलतात, माणसं निवृत्त होतात. म्हणजे माणूस न बदलणं एवढाच स्थैर्याचा अर्थ घेतला तर केईएममध्येही स्थैर्य नव्हतं. पण तिथे दुसरं काहीतरी होतं. शिकायला आलेल्या मुलींच्या प्रत्येक नव्या तुकडीला अरुणा शानबाग यांच्याकडे नेऊन ओळख करून दिली जाई, या आपल्यातल्याच एक होत्या असं सांगितलं जाई. त्यांना माशाचं कालवण, कोंबडीचं सूप आवडतं, आवडीचं मिळालं की चेहरा खुलतो, खोलीत फार माणसं आली की त्या अस्वस्थ होतात, हे सगळं एकीकडून दुसरीकडे जात राहिलं. २०१० च्या सप्टेंबरपर्यंत त्यांना तोंडानेच भरवलं जात होतं. सेवेत असताना त्यांचं करणाऱ्या एका परिचारिकेने निवृत्तीनंतरही पगार न घेता, येण्याजाण्याचे पैसेही न घेता सेवा करायची तयारी दाखवली होती. ऐंशीच्या दशकात पालिकेने खाट मोकळी करण्यासाठी त्यांना दुसरीकडे हलवायचं ठरवलं, तेव्हा परिचारिका आंदोलनाला उभ्या राहिल्या आणि तो बेत मागे घ्यावा लागला.

हात बदलले, पण हातातलं ज्ञान खाली पडलं नाही. जाणारी बाई आणि येणारी बाई काही काळ एकाच खोलीत होत्या, म्हणून ते पडलं नाही. दारात चपला घालताना सांगितलेल्या दोन वाक्यांत ते मावत नाही. त्यासाठी एका जागी नांदणारी माणसांची फळी लागते: जुनी, मधली, नवी. ठेकेदाराने पाठवलेल्या, अकरा महिन्यांच्या करारावरच्या माणसांची अशी फळी तयार होत नाही. मे २०२२ मध्ये राज्यातल्या सरकारी रुग्णालयांतल्या परिचारिका कंत्राटी भरतीविरुद्ध संपावर गेल्या होत्या. तेव्हा बातम्यांत पगार आणि नोकरीची सुरक्षितता एवढंच आलं. खाटेवरच्या माणसाचाही त्या मागणीशी संबंध होता, हे फारसं कुणी बोललं नाही.

एक गोष्ट इथेच नोंदवली पाहिजे. अरुणा शानबाग यांच्यावर हल्ला झाला तो कपडे बदलताना, तळघरात. परिचारिकांना सुरक्षित जागा हवी, कामाच्या बऱ्या अटी हव्यात, यासाठी तेव्हा मुंबईतल्या परिचारिकांनी संप केला. शुश्रूषा करणाऱ्या बाईला कपडे बदलायला जागा असणं, हा शुश्रूषेच्या दर्जाचाच भाग आहे. आमच्या मावशीला चौदा महिने ती जागा म्हणजे आमच्या बाथरूममागची अरुंद पट्टी होती. मला तेव्हा ते खटकलंही नव्हतं.

*

‘बदली’ हा शब्द या भागात पूर्वीपासून आहे. गिरणगावात लालबाग-परळच्या गिरण्यांच्या दारांत सकाळी बदली कामगार उभे राहायचे. कायमचा माणूस आला नाही, की त्याच्या मागावर बदली चढायचा. १९३५ मध्ये गिरणीमालक संघाने त्यासाठी नोंदणीची पद्धत आणली, बदलीला कार्ड मिळू लागलं. कितीतरी माणसांनी कायम होण्याची वाट पाहत वर्षं काढली. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपानंतर गिरण्यांची धुरांडी एकेक करून थंडावली, घरातल्या बायका कामाला बाहेर पडल्या, कुणी खाणावळ घातली, कुणी धुणीभांडी, कुणी दवाखान्यात आयाचं काम धरलं. शब्द मागाजवळून खाटेजवळ कसा आला याचा कागद कुणाकडे नाही, पण आला तो त्याच वस्तीतून असावा, असं मला वाटतं.

बाई का सोडते? मी विचारत गेले तशी उत्तरं साधी निघाली. कळव्याहून आठला पोहोचायचं तर पाचला उठायचं. बारा तासांची ड्यूटी आणि तीन तासांचा प्रवास. सुट्टी घेतली तर त्या दिवसाचे पैसे जातात. म्हाताऱ्या माणसाला उचलून उचलून कंबर जाते. घरातले ‘इथे बसू नका’ म्हणतात. आणि आम्ही ब्युरोला जे देत होतो त्यातलं तिच्या हाती किती पडत होतं, हे मी तिला पहिल्या चौदा महिन्यांत एकदाही विचारलं नव्हतं. विचारलं तेव्हा मान वर करवली नाही.

या कामाला आपल्याकडे मान कधीच फारसा नव्हता. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रमाबाई रानडे यांनी पुण्याच्या सेवासदनातून मराठी बायकांना ससून रुग्णालयात नर्सिंग शिकायला पाठवलं, तेव्हा परक्या माणसाचं अंग पुसायचं काम आपल्या बायकांनी करायचं का, याच विरोधाशी त्यांना झगडावं लागलं. परिचारिकेने पुढे ती लढाई बरीचशी जिंकली. मावशीची अजून सुरूही झालेली नाही. आणि शिकलेली मुलगी इथे थांबेल, याचीही खात्री नाही. २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला, त्यात परिचारिकाही आहेत. तिथे म्हातारे वाढले, हात कमी पडले. मुलीने जावं, भलं करून घ्यावं. पण महाराष्ट्रात २०११ च्या जनगणनेतच साठीच्या पुढची माणसं एक कोटी दहा लाखांच्या वर गेली होती, दहांतलं जवळपास एक. हात इथेही लागणार आहेत.

*

वृद्धाश्रमांचं काय? २००७ च्या पालक आणि ज्येष्ठ नागरिक कायद्याने राज्यांना प्रत्येक जिल्ह्यात निदान दीडशे निराधार ज्येष्ठांसाठी एक वृद्धाश्रम काढण्याची मुभा दिली. जागा, खाटा, जेवण यांचा विचार अशा कायद्यांत असतो. मावशी किती दिवस टिकते, याचा नसतो.

अमेरिकेत २०२२ पासून प्रत्येक नर्सिंग होमची गळती सरकारी संकेतस्थळावर लावली जाते आणि ती दर्जाच्या ताऱ्यांतही धरली जाते. आईला कुठे ठेवायचं हे ठरवणारी मुलगी तो आकडा पाहू शकते. २०२४ मध्ये तिथल्या केंद्र सरकारने आणखी एक नियम आणला, दर माणसामागे दिवसाला किमान ३.४८ तास शुश्रूषा मिळालीच पाहिजे. साडेतीन तासांना जेमतेम एक मिनिट कमी. मालकांनी विरोध केला, २०२५ मध्ये न्यायालयाने तो रद्द ठरवला. दादरमधल्या घरात एका आजीमागे पूर्ण बारा तास एक बाई असते. तासांच्या हिशेबात आपण कितीतरी पुढे. तरी जखम होते. तास मोजणं सोपं आहे म्हणून ते मोजले जातात. कालचीच बाई आज आहे का, हे मोजायला तिकडेही २०२२ उजाडावं लागलं.

कुणी मला वृद्धाश्रम पाहायला सोबत ये म्हटलं तर मी बाग बघत नाही. स्वयंपाकघरात किंवा मागच्या जिन्यावर जी मावशी भेटेल तिला विचारते, इथे किती वर्षं झाली? तुमच्याहून जुनं कोण आहे? मग तिला एखाद्या आजोबांविषयी विचारते, यांना काय आवडतं? पटकन उत्तर आलं, तर पुढचं बोलणं करायला हरकत नाही.

*

डिसेंबर २०१८ च्या शेवटी आम्ही ब्युरो सोडला. मावशीनेही सोडला होता. तिचा नंबर शोधून काढला, फोन केला. तिने दोन अटी घातल्या. रविवारची सुट्टी, पगारी. आणि ‘रविवारी येणारी बाई दर रविवारी तीच हवी, तिला आधी दोन दिवस माझ्यासोबत बसवा.’ ही दुसरी अट मला सुचली नसती. केईएमने जे केलं तेच ही बाई दोन खोल्यांच्या घरात मागत होती. गणपतीत ती दहा दिवस गावी जाणार हे जानेवारीतच ठरलं, आणि त्या दहा दिवसांत रविवारवाली रोज येणार हेही. अशी रजा घराला जाणवत नाही. जखम भरायला मार्च उजाडला.

मग २०२० आलं. २२ मार्चच्या मध्यरात्रीपासून लोकल बंद झाल्या. त्या दिवसांत जगभर एक गोष्ट पुढे आली, की दोन-तीन नर्सिंग होममध्ये काम करणाऱ्या बायकांबरोबर विषाणू एका इमारतीतून दुसरीत गेला. अमेरिकेत कर्कलंडमधल्या नर्सिंग होमच्या साथीत ते दिसलं. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांताने मार्चमध्येच हुकूम काढला, एका कर्मचाऱ्याने एकाच ठिकाणी काम करायचं. या बायका दोन ठिकाणी जात होत्या, कारण एका ठिकाणच्या पगारात भागत नव्हतं.

आमची मावशी लोकल बंद झाल्यावर आमच्याकडेच राहिली, सलग अकरा आठवडे. आईची प्रकृती त्या काळात सगळ्यात चांगली होती. मावशीची दोन मुलं कळव्याला आजीजवळ होती. धाकटा व्हिडिओ कॉलवर यायचा आणि बोलायचाच नाही, नुसता बघत बसायचा. आईच्या त्या अकरा चांगल्या आठवड्यांची किंमत कुठल्या घराने दिली, हे मी विसरू शकत नाही.

तेव्हाच एका रिकाम्या दुपारी माझ्या मुलीने वही केली. मावशी सांगायची, ती लिहायची. डाव्या कुशीवर पुरी करू नका, मागे गुंडाळी लावा. घास उजव्या गालात नको. चहा कोमट चालत नाही. ‘उठा’ म्हणू नका, खांद्याला हात लावा. हात ढकलला नाही तर लघवी तपासा. चाळीसेक पानं भरली. पुढे रविवारवाली ती दर वेळी उघडून बघायची.

२०२१ मध्ये आई गेली. तेराव्यानंतर मावशीला माटुंग्याला एका आजोबांचं काम मिळालं. निघताना मी तिला आईची एक साडी दिली. ती तिने घेतली, आणि मग जरा थांबून माझ्याकडे एक वही मागितली. मला वाटलं, तिला आईची हवी आहे. ‘ती नको,’ ती म्हणाली. ‘कोरी द्या.’